आत्याबाईंची लापशी

आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, काय पचतं यापेक्षा काय पचत नाही हे सांगणं सोपं होतं. दूध पचत नव्हतं. गव्हाचं काहीच पचत नव्हतं. तुरीचं वरण खाल्लं की छातीत आग पडायची. आणि ज्वारीची भाकर, जिच्यावर सगळं रोहणा गाव जगत होतं, ती पोटात गेली की दुपारपर्यंत दगडासारखी बसून राहायची. वैद्यांनी संग्रहणी म्हटलं आणि नुसत्या ताकावर राहायला सांगितलं. ताकानं त्या आणखी खंगल्या. वर्ध्याच्या डॉक्टरांनी दूध आणि गहू बंद करून हलकं काही खा म्हणून सांगितलं, पण हलकं म्हणजे काय ते सांगितलं नाही. मग भाताची पेज राहिली. आमच्याकडे तांदूळ सणाला शिजायचा. रोज वेगळी पेज करायची म्हणजे घरात आजारी माणूस आहे हे रोज सांगण्यासारखं होतं, आणि आत्याबाईंना तेच नको होतं.

आमच्या गोठ्यात गवळाऊ गाई होत्या. मामंजी त्या गाईंविषयी जितकं बोलत तितकं माणसांविषयी बोलत नसत. अशा घरच्या बाईला दूध सोसत नाही हे कुणाला सांगायची सोय नव्हती. कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे माहेरचा दोष.

मी त्या घरात नवीन होते. माझे वडील नागपूरला नोकरीत. मी शिकले तिथल्या इंग्रजी शाळेत, मिशनच्या होस्टेलमध्ये राहून. त्यामुळे माझं मराठी पुस्तकातून आणि आईच्या बोलण्यातून आलेलं होतं. रोहण्यात मी तोंड उघडलं की बायका एकमेकींकडे बघायच्या. "मला पाणी द्या" एवढं म्हटलं तरी कुणीतरी माझी नक्कल करून दाखवायचं, "मला म्हणते व, मला!" त्यात दुष्टावा नसायचा. पण मी मुळात लाजाळू, आणि हसण्याची मला भीती वाटायची. मग मी बोलणं कमी केलं आणि बघत राहिले. पहिलं वर्ष मी त्या घरात जवळजवळ बघण्यातच घालवलं.

बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. आत्याबाई सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसत, अंधाऱ्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. भाकर कुस्करत, कालवण घालून कालवत, तोंडापर्यंत हात नेत. पण ताट उचलताना अर्धी भाकर पदराआड जायची आणि मागच्या दारी गाईच्या पुढ्यात पडायची. जेवल्याचं सोंग त्या इतकं सफाईनं करत की मामंजींना ते कधी कळलं नाही. पण मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं होतं.

दिवाळीनंतर हिंगणीहून निरोप आला. माझ्या नणंदेला दिवस गेले होते. पहिलंच. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आणि ते आईनं करायचं असतं. सव्वा महिना पोरीच्या अंगाला तेल चोळायचं, पोट बांधायचं, खाटेखाली शेक द्यायचा, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं. हे काम सुनेवर सोपवत नाहीत. आणि माझ्यासारख्या सुनेवर तर नाहीच. निरोप आणणाऱ्या पाहुण्यानं चहा पिता पिता हळूच एक गोष्ट जोडली. नणंदेच्या सासूबाई म्हणाल्या होत्या, विहीणबाई लय खंगल्या असं ऐकतो, चैत्रात येऊन पाहू आणि मग पोरीला पाठवायचं की नाही ते ठरवू.

पाहुणा गेल्यावर आत्याबाई सुपात डाळ निवडत बसल्या. मी समोर बसले. बराच वेळ त्यांनी खडा काही काढला नाही, नुसतीच डाळ इकडची तिकडे करत राहिल्या.

"काय व," त्या म्हणाल्या, "तुह्या त्या इंग्रजी शाळेत शिकवलं का काही, माणसाच्या अंगावर मास कसं चढवाचं ते?"

त्यांनी मला विचारलेला तो पहिला खरा प्रश्न होता. बाकी सगळे मीठ टाकलं का आणि गाय बांधली का असे असायचे.

"चैतापर्यंत मले उभं राह्याचं हाये," त्या म्हणाल्या. "लेक एकच हाये मले. तिचं पहिलं बाळतपण दुसऱ्याच्या हातून झालं तं मी आई कायची?"

मला होस्टेलमधली आजारी मुलींची खोली आठवली. तिथे ज्यांना काही सोसायचं नाही त्यांना सकाळी पॉरिज मिळायचं. पांढरट, गरम, सरसरीत. बाकी आम्हालाही ते रोजच असायचं आणि आम्ही त्याला नाकं मुरडायचो. पण तापातून उठलेली, चार घासांवर ओकणारी मुलगी त्यावर हळूहळू धरायची हे मी पाहिलं होतं. ते ओट्सचं असतं, गव्हाचं नाही, एवढं मला माहीत होतं.

संक्रांतीला मी माहेरी गेले. वडिलांना घेऊन सदर बाजारातल्या दुकानात गेले आणि परदेशी अक्षरांचे ओट्सचे डबे घेऊन आले. पुलगावहून आर्वीच्या छोट्या आगगाडीत ते मी मांडीवर धरून बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "बिस्कुटं हायेत का व?" मी नुसती मान हलवली.

पहिल्या दिवशी मी चूक केली. होस्टेलमध्ये पॉरिज दुधात व्हायचं, तेव्हा सवयीनं मीही दुधात शिजवलं. साखर घातली. आत्याबाईंनी वाटी हातात घेतली, वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि सगळं संपवलं. तो दिवस त्यांचा खाटेवर गेला. संध्याकाळी मी पाणी घेऊन गेले तर म्हणाल्या, "तू हौसेनं केलं, मंग कसं नाई म्हणू."

"आत्याबाई, नाही म्हणायचं," मी म्हणाले. मला रडू येत होतं. "मला, मले सांगायचं."

त्या पोट धरून हसल्या. "मले म्हण, मले. आली लायनीवर."

दुसऱ्या दिवशी पाण्यात शिजवलं. तरी पोट दुखलं. त्याचा मी दिवसभर विचार केला. मग लक्षात आलं, आमच्या घरातल्या प्रत्येक गंजात, म्हणजे पातेल्यात, कधी ना कधी दूध तापलेलं असतं, आणि पितळ कितीही घासलं तरी तळाशी साय धरलेली राहते. बाजारातून एक लहान ॲल्युमिनियमचं भांडं आणवलं आणि ते वेगळं ठेवलं. त्यात दुसरं काही शिजवायचं नाही, त्याला दुसरा चमचा लावायचा नाही. घरात कुजबुज झाली की सून सासूची भांडी वेगळी करते. आत्याबाईंनीच ती मिटवली. "माह्या पोटाचं सोवळं हाये ते," त्या म्हणाल्या.

हळूहळू मला ती लापशी जमायला लागली. पाणी आधी चांगलं उकळू द्यायचं, मग ओट्स एका हातानं भुरभुरत टाकायचे आणि दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. थांबलं की गाठी होतात. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा जाळ भडकून उठतो, म्हणून दोन काड्या मागे ओढून आच कमी करायची. चिमूटभर मीठ. उतरवताना सुंठ, आणि वरून किसलेला गूळ, अगदी थोडा, कारण जास्त गूळही त्यांना सोसायचा नाही. चुलीच्या कडेला ठेवून, थाळी झाकून, पाच मिनिटं दमू द्यायचं. मग ती खिरीसारखी तकतकीत दिसायची आणि चमच्यावरून सावकाश उतरायची. आत्याबाई चुलीच्या बाजूला पाटावर बसत आणि उघड्यावर, माझ्याकडे तोंड करून खात. भिंतीकडे पाठ. मला त्या लापशीपेक्षा त्याचाच आनंद जास्त होता.

"हे तं नागपूरची लापशी," त्या म्हणायच्या. "चव ना ढव. पण पोटात गेली का गप बसते बापा, भांडत नाई."

शिवरात्रीपर्यंत त्यांच्या गालांचे खळगे भरून आले. विहिरीवरून भरलेली कळशी त्यांनी पुन्हा कमरेवर घेतली, तेव्हा शेजारणीनं थांबून पाहिलं. मामंजींनीही ते पाहिलं असावं, कारण त्या दिवशी ते जेवताना गाईंविषयी काही बोलले नाहीत. सकाळी लापशी खाताखाता आत्याबाई मला बाळंतपणाची कामं सांगायच्या. तेल किती कोमट, बाळाची टाळू कशी भरायची, धुरी कशी द्यायची. सांगता सांगता समोरच्या हवेत हात फिरवायच्या, जणू पायांवर बाळ आहेच. "तू जवळ बसजो," त्या म्हणाल्या. "पाहून पाहून शिकशीन. पुढं तुह्यासाठी कामाचं हाये." मी खाली बघितलं. त्या हसल्या.

आता मला आत्याबाईंच्या दिरांविषयी सांगितलं पाहिजे. ते मामंजींचे धाकटे भाऊ, आमच्याच गल्लीत राहत; आम्ही त्यांना काकाजी म्हणत असू. तरुणपणी ते कामठीच्या छावणीत घोड्यांच्या पागेत होते. परत येऊन शेती करू लागले, पण बोलणं छावणीचंच राहिलं, मधूनमधून हिंदी. दीर आणि भावजय यांच्यात आमच्याकडे थट्टा चालते, नव्हे, चाललीच पाहिजे. न चालली तर भांडण झालं असं लोक समजतात. काकाजी दारातूनच ओरडत यायचे, "वयनी, कालची भाकर होती का चपलेचा तळ?"

"तळच होता," आत्याबाई आतून म्हणायच्या. "तुमच्याच चपलेचा काढून घेतला, म्हणून तं अनवाणी आले."

बसलेले सगळे हसायचे. काकाजी हरल्यासारखं तोंड करायचे आणि चहा मागायचे. आत्याबाईंना त्यांच्याइतकं तिखट उत्तर देणारी बाई गल्लीत नव्हती. त्याचा त्यांना अभिमान होता.

होळी झाली आणि पापडांचे दिवस आले. सकाळी गल्लीतल्या बाया आमच्या अंगणात पोळपाट घेऊन जमल्या. उडदाचं पीठ कुटून झालं होतं, लाट्या पडत होत्या. मी आत्याबाईंची लापशी करून ओसरीवर आणली. कामाच्या गडबडीत डबाही बाहेरच राहिला, झाकण उघडं. आत्याबाईंनी चार घास खाल्ले असतील, तेवढ्यात काकाजी आले. त्यांनी डबा पाहिला, आत हात घातला, ओट्स तळहातावर घेऊन चोळले, नाकाशी नेले. त्यांचा चेहरा एकदम उजळला. जुना मित्र भेटावा तसा.

"अरे बाप्पा! हे तं जई हाये!"

"काय हाये?" कुणीतरी विचारलं.

"जई! कामठीले पल्टनीच्या घोड्यायचा रातीब. म्या माह्या हातानं चारली नं! घोडा बिमार पडला का अशीच कुटून, उकडून द्याची." मग ते आत्याबाईंकडे वळले आणि कमरेत वाकून त्यांनी सलाम केला. "वयनी, सूनबाईनं तुमाले घोड्याचा खुराक चालू केला काय? मी म्हणो, वयनी आजकाल अशी टपटप काऊन चालून राह्यली!"

अंगणात एकच हशा पिकला. एका बाईच्या हातून लाटणं निसटलं. दुसरी म्हणाली, "लगाम पाह्यजो व, दाव्याले बांधून ठेवत जाय सासूले." तिसरीनं जिभेनं टाप वाजवली. काकाजी सगळ्यांत मोठ्यानं हसत होते आणि आत्याबाईंच्या उत्तराची वाट पाहत होते. तोच तर खेळ होता.

आत्याबाईंच्या हातातला चमचा वाटीत तसाच उभा होता.

माझ्याजवळ उत्तर होतं. होस्टेलमध्ये आम्ही सगळ्याच हे खायचो, गोऱ्या मिशनरी बाया स्वतः खायच्या, थंड मुलखातली माणसं पिढ्यान्पिढ्या यावरच वाढली. वाक्य माझ्या डोक्यात आधी इंग्रजीत आलं. मग मी ते मराठीत केलं. मग आम्हाला काढून आमाले केलं. तोपर्यंत हसणं ओसरून बाया पुन्हा लाटायला लागल्या होत्या आणि बोलणं दुसऱ्या कुणाच्या तरी म्हशीवर गेलं होतं.

आमच्या गावात जनावराचं खाणं आणि माणसाचं खाणं यांमधली रेघ फार जाड आहे. सरकी आणि ढेप, म्हणजे पेंड, ज्या कोठीत असते तिथे माणसाच्या दाण्याचं पोतं ठेवत नाहीत. भांडणात एखाद्याला शेवटचं टोचायचं असेल तर ढेप खा म्हणतात. नागपूरहून मी तो डबा आणताना हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी त्याचा याच्याशी संबंध आहे हे सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई पाटावर बसल्या नाहीत. मी वाटी घेऊन गेले.

"मले नको व," त्या म्हणाल्या. "भाकर दे."

"आत्याबाई, काकाजी नुसते हसत होते."

"मले माहीत हाये. त्यायच्या मनात काही नाई." त्यांनी वाटीवर थाळी ठेवली. "पण विहिरीवर जाणं मले हाये, त्यायले नाई."

विहिरीवर काय झालं ते मला नंतर कळलं. कळशी उचलताना कुणीतरी म्हणालं होतं, घोडीले पाणी पाजलं का? एवढंच.

यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी सांगितलं. यांनी आईजवळ विषय काढला. काकाजींनाही जाऊन बोलले. काकाजी त्याच दिवशी आले, अंगणात उभे राहिले, म्हणाले, "वयनी, पल्टनीत साहेबाच्या घोड्यालेच भेटे ते, ऐऱ्यागैऱ्या घोड्याले नाई!" त्यांना वाटलं यानं बरं वाटेल. आत्याबाई आत निघून गेल्या. मग काकाजी चहा न घेता गेले. पुढे बरेच दिवस ते दारातून ओरडले नाहीत, आणि गल्लीतल्या लोकांना वाटलं दीर-भावजयीचं बिनसलं.

आत्याबाई पुन्हा शेवटी जेवायला बसू लागल्या, भिंतीकडे तोंड करून. मी रोज सकाळी लापशी करत होते, झाकून ठेवत होते, आणि दुपारी फेकत होते. एक दिवस त्यांनीच मला थांबवलं. "अन्न वाया नको घालवू." मग डबा फडताळावर गेला.

चैत्रात नणंदेच्या सासूबाई, आमच्या विहीणबाई, आल्या. हिंगणीहून बसनं, मग दोन गाड्या बदलून, धुळीनं भरलेल्या. त्या बोलायला ठसठशीत, हसायला मोकळ्या होत्या. मला त्या पहिल्याच भेटीत आवडल्या, आणि म्हणून पुढचं सगळं जास्त जड गेलं. आत्याबाईंनी त्या दिवशी नवं लुगडं नेसलं. मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. पुरण स्वतः वाटलं, पोळ्या स्वतः केल्या. विहिणी आल्या की एका ताटात बसून एकमेकींना घास भरवायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. विहीणबाईंनी तुपात बुडवलेला पुरणपोळीचा घास पुढे केला. आत्याबाईंनी तोंड उघडलं. दुसरा घास. तिसरा. वर वाटीभर दूध. "घ्या नं, विहीणबाई, आमच्या मानाचं," भरवणाऱ्या विहीणबाई म्हणत होत्या. मी वाढायला उभी होते. आत्याबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं, काही बोलू नको म्हणून.

तासाभरात त्या मागच्या दारी गेल्या, आणि परत येताना दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या. आम्ही दोघींनी त्यांना उचलून खाटेवर आणलं. विहीणबाईंनी त्यांचं मनगट हातात धरलं होतं. ते मनगट केवढंसं होतं हे त्यांना तेव्हा कळलं.

थोड्या वेळानं त्या स्वयंपाकघरात आल्या आणि दार लोटून घेतलं.

"सूनबाई, खरं सांगजो. तुह्या सासूले काय सोसते?"

मी सगळं सांगितलं. दूध, गहू, ज्वारी. डबा. कळशी कमरेवर घेतलेली. मग अंगण, काकाजी, विहीर. इतकं सलग मी त्या घरात कुणाशी बोलले नव्हते.

विहीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढ्यासाठी सोडलं?"

"हो."

"अवं, मले चालती फिरती बाई पायजे होती! ते घोड्याचं खावो का बकरीचं खावो, मले काय करायचं होतं?" त्यांचा आवाज चढला, मग त्यांनी तो आवरला. कपाळावर हात मारला. "काऊन नाई सांगतलं व कोणी मले? मी उद्याच पोरीले धाडली असती. आता कशी धाडू? हिचीच सेवा कोणीतरी कराले पायजे."

त्यांनी ते आत्याबाईंना फार हळुवारपणे सांगितलं. विहीणबाई, तुम्ही बऱ्या व्हा, पोरीची काळजी करू नका, मी आहे. आत्याबाई हो हो म्हणत राहिल्या. दुसऱ्या सकाळी विहीणबाई गेल्या. मामंजी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेले आणि परत येऊन गोठ्यात बसून राहिले.

आत्याबाईंनी खाटेवरूनच मला हाक मारली.

"हाये का व ते?"

मी धावत जाऊन डबा काढला. उघडला. झाकण नीट बसलं नव्हतं, आणि आत जाळी धरली होती. अळ्या वळवळत होत्या. दुसरा डबा तर आधीच संपलेला. आमचे हे नागपूरला गेले. सदरच्या दुकानदारानं सांगितलं, आता परदेशी माल येणं बंद झालंय, पुढे कधी येईल सांगता येत नाही. मग, कुणी न सांगता, काकाजी कामठीला गेले. पागा आता राहिल्या नव्हत्या. कुठल्याशा घोडेवाल्याकडून ते एक गाठोडं जई घेऊन आले, सालासकट. आमच्या अंगणात, दिवसाढवळ्या, उखळाशी बसून त्यांनी ती स्वतः कांडली. गल्लीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. कुणी हसलं नाही. मी पाखडली, पुन्हा कांडली, पुन्हा पाखडली, पण साल पुरतं सुटेना. शिजवली तर घशाला बोचत होती. आत्याबाईंनी दोन चमचे खाल्ले, आणि काकाजींकडे बघून म्हणाल्या, "तुमच्या घोड्यायचे गळे मोठे असन, भाऊजी."

ते हसले. पण डोळे पुसायला त्यांनी तोंड फिरवलं.

ज्येष्ठात हिंगणीला मुलगी झाली. विहीणबाईंनी सगळं केलं, आणि चांगलं केलं हे सांगितलं पाहिजे. बारशाला आम्ही गेलो. आत्याबाई पेजेवर राहून थोड्या सावरल्या होत्या, प्रवासाला निघण्याइतक्या. खोलीत धुरीचा वास होता. नणंद खाटेवर बसली होती, फिकुटलेली, केसांना तेल. तिच्या शेजारी बाळाला न्हाऊ घातलेला पाट अजून ओला होता. आत्याबाईंनी त्या पाटाकडे बघितलं. मग खाली बसून, पाय लांब केले, आणि विहीणबाईंनी बाळ त्यांच्या पायांवर ठेवलं.

त्यांनी बाळाच्या टाळूवरून बोट फिरवलं. खांदे चोळले. मांड्या, पोटऱ्या. सकाळी चुलीजवळ त्या मला हवेत दाखवायच्या, तसेच हात. मग बाळाला कुशीवर वळवताना त्यांची पकड सैल पडली. बाळानं तोंड वाकडं केलं. त्यांनी पटकन ते उचलून नणंदेकडे दिलं.

"लय नाजूक हाये व," त्या म्हणाल्या. "तूच घे."

नणंदेनं ते पाहिलं होतं. तिनं बाळाला छातीशी घेतलं आणि आईच्या हातावर हात ठेवला.

"आई, पुढच्या खेपेले मी तुह्याकडेच येईन. पक्कं."

पहिलं तेवढं माहेरी असतं, दुसरं सासरीच होतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. नणंदेलाही.

"ये," आत्याबाई म्हणाल्या. "येजो, माय."